शालेय संगणकशिक्षण, महाराष्ट्रातील

शालेय अभ्यासक्रमाच्या द्वारे विद्यार्थ्यांना संगणकाची रचना, कार्य व वापर यांचा परिचय करून देणे आणि संगणकशास्त्रातील मूलभूत विचारपद्धती त्यांच्या अंगी बाणविणे, या हेतूने केलेल्या अध्यापनास शालेय संगणकशिक्षण असे म्हणतात. या संज्ञेत तीन भिन्न गोष्टींचा समावेश होतो : (१) संगणक हाताळण्याचे कौशल्य म्हणजे संगणकसाक्षरता, (२) गणित, भूगोल, भाषा इ. विषय शिकविताना साधन म्हणून केलेला संगणकाचा उपयोग. व (३) माहितीचे प्रतिरूपण, निश्चित पायऱ्यांची कार्यरीत (अल्गोरिदम) आणि आज्ञावली-लेखन यांचा स्वतंत्र शास्त्र म्हणून अभ्यास. पहिल्या गोष्टीस यंत्र अपरिहार्य आहे, दुसरीस ते उपयुक्त आहे. तिसरीचा बराचसा भाग मात्र यंत्राविनाही शिकविता येतो. महाराष्ट्रातील शालेय संगणकशिक्षणाचा इतिहास हा बहुतांशी या तीन गोष्टींची झालेली गल्लत आणि ती दूर करण्यासाठी शिक्षणतज्ञांनी केलेले प्रयत्न यांचा इतिहास आहे.

जागतिक पार्श्वभूमी : संगणक तज्ञांच्या प्रयोगशाळेबाहेर सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, हा विचार अमेरिकेत १९६० नंतर पुढे आला. डार्टमथ महाविद्यालयातील जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्‌झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये बेसिक ही सोपी आज्ञावली-भाषा तयार केली. विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही आज्ञावली लिहिता यावी, हा तिचा उद्देश होता. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉलेस फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो ही भाषा निर्माण केली. पडद्यावरील ‘कासवा’स पुढे जाण्याच्या व वळण्याच्या आज्ञा देऊन मुले भूमितीय आकृत्या काढतात आणि आकृती चुकल्यास आपल्या आज्ञांतील चूक स्वतःच शोधून काढतात. संगणकाने मुलास शिकविण्याऐवजी मुलाने संगणकास शिकवावे, ही पॅपर्ट यांची भूमिका पुढील सर्व चर्चेस पायाभूत ठरली.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश नभोवाणी निगमाने (बीबीसी) संगणकसाक्षरतेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी एकॉर्न कंपनीने तयार केलेला बीबीसी मायक्रो हा सूक्ष्मसंगणक १९८१ च्या अखेरीस बाजारात आला व १९८२ च्या प्रारंभी त्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. या यंत्रात बेसिक भाषा अंगभूत असे. यंत्र सुरू करताच वापरणाऱ्यासमोर आज्ञावली लिहिण्याची जागा येई. त्यामुळे वापर व लेखन या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या.

भारतातील प्रारंभ : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यानंतरची सुमारे दोन दशके संगणकाचे शिक्षण संशोधनसंस्था, तंत्रविद्या संस्था व विद्यापीठे यांपुरतेच सीमित होते. सूक्ष्मसंगणक स्वस्त झाल्यावर ते शाळेपर्यंत नेण्याचा विचार सुरू झाला. केंद्र शासनाचा शिक्षण विभाग व इलेक्ट्रॉनिकी विभाग यांनी १९८४-८५ मध्ये शाळांतील संगणकसाक्षरता व अध्ययन (क्लास) हा प्रायोगिक प्रकल्प संयुक्तपणे सुरू केला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे त्याचे समन्वयन होते. देशातील सु. २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले आणि शिक्षकांना मार्गदर्शन करण्यासाठी तंत्रविद्या संस्था, अभियांत्रिकी महाविद्यालये इ. ठिकाणी साधनकेंद्रे स्थापन करण्यात आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय स्तरापासून संगणकसाक्षरतेचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्याचे सूचित केले. प्रकल्पाचा विस्तार होत जाऊन १९९३-९४ पासून त्याची पुनर्रचना करण्यात आली व जुन्या यंत्रांच्या जागी व्यक्तिगत संगणक येऊ लागले.

या पहिल्या प्रकल्पातच पुढील अडचणींची बीजे दिसून येतात. एका शाळेस मोजकेच संगणक मिळत. प्रशिक्षण अल्प मुदतीचे असे व प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाल्यास यंत्रे बंद पडून राहत. संगणकविषय परीक्षेच्या चौकटीबाहेर असल्यामुळे वेळापत्रकात त्यास दुय्यम स्थान मिळे. शिवाय पाठांचे साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत होते.

उच्च माध्यमिक अभ्यासक्रम : महाराष्ट्रात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य मंडळाकडे माध्यमिक परीक्षांची व कालांतराने उच्च माध्यमिक परीक्षांची जबाबदारी आली, तर १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाकडे (‘बालभारती’) शालेय पुस्तकांचे काम आले. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत ‘संगणकशास्त्र’ हा २०० गुणांचा द्विलक्षी (बायफोकल) विषय म्हणून समाविष्ट झाला. प्रचालन प्रणाली, विदासंरचना, सी++ ही आज्ञावली-भाषा, सूक्ष्मप्रक्रियक व संगणकजाल असे त्याचे प्रमुख घटक होते. संगणकशास्त्रास स्वतंत्र शास्त्र म्हणून मान्यता देणारा राज्यातील शालेय पातळीवरील हा महत्त्वाचा अभ्यासक्रम होय.

त्याच्या मर्यादाही उघड होत्या. द्विलक्षी विषयांच्या तुकड्यांतील जागा मोजक्या असत व त्यांवर दहावीत उच्च गुण मिळविणाऱ्यांचीच प्रथम निवड होई. अभियांत्रिकीच्या प्रवेशाकडे दृष्टी असलेले विद्यार्थी गुणांच्या हिशोबाने हा विषय निवडीत. इंटेल कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक एकविसाव्या शतकातही या अभ्यासक्रमात दीर्घकाळ टिकून राहिला. संगणकाच्या अंतरंगातील व्यवहार समजण्यास हे साधे यंत्रांग सोयीचे आहे, हे त्याचे समर्थन निराधार नव्हते. तथापि त्याच्या आज्ञा पाठ करण्यापुरतेच अध्ययन मर्यादित राहण्याचा धोका त्यात होता. विद्यार्थी अकरावीत येईपर्यंत या शास्त्राची पूर्वतयारी अन्य कोणत्याही इयत्तेत होत नसे, ही याहून मोठी उणीव होती.

संगणकसाक्षरतेचा प्रसार : पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना झाली. संस्थेचे संस्थापक संचालक विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला आणि संगणकाविषयीचे कुतूहल सुशिक्षित मराठी समाजात सर्वत्र पसरले. २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक विवेक सावंत हे पूर्वी सी-डॅकमध्ये कार्यरत होते. महामंडळाचा एमएस-सीआयटी हा पाठ्यक्रम अल्पावधीत अत्यंत लोकप्रिय झाला. तो मराठीतून उपलब्ध होता, त्याची केंद्रे तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांपर्यंत पोहोचली आणि शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यामुळे त्यास व्यावहारिक मूल्य प्राप्त झाले.

दहावीची परीक्षा दिलेली मुले उन्हाळ्याच्या सुटीत या वर्गास जाऊ लागली. महानगरात न जाता, इंग्रजीच्या भयावाचून लक्षावधी लोकांनी संगणकास हात लावला, हे या पाठ्यक्रमाचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु मजकूर टंकलिखित करणे, तक्ते करणे, पत्रव्यवहार पाठविणे म्हणजेच संगणकशिक्षण, अशी समजूतही त्यायोगे दृढ झाली. हा दोष पाठ्यक्रमाचा नव्हे. प्रौढांच्या व नोकरेच्छूंच्या गरजेसाठी आखलेल्या पाठ्यक्रमाची नक्कल शाळांनी बालवयीन विद्यार्थ्यांसाठी केली, हे त्याचे कारण आहे.

ग्रामीण शाळांतील स्थिती : सातारा जिल्ह्यास शैक्षणिक प्रसाराची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये तिचे मुख्य कार्यालय साताऱ्यास आणले. शाळा मुलाच्या गावाजवळ आली पाहिजे व शिकविणारा शिक्षकही त्याच समाजातून घडला पाहिजे, ही त्यांच्या कार्याची दोन सूत्रे होती. म्हणूनच शाळांबरोबर अध्यापक विद्यालये व वसतिगृहे यांकडेही त्यांनी लक्ष दिले. संगणकशिक्षणाच्या बाबतीत पहिले सूत्र काही अंशी पाळले गेले, दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे–मिरज लोहमार्गावरील गाव असून नाटककार वसंत कानेटकर यांचे ते जन्मस्थान होय. रहिमतपूरसारख्या निमशहरी गावांचे शालेय संगणकशिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळा पालकांच्या शुल्कातून संगणक घेऊ शकतात. लहान वाड्यावस्त्यांवरील शाळांकडे प्रायोगिक प्रकल्पांचे लक्ष जाते. उदा., ‘प्रत्येक बालकास एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत झाला. निमशहरी गावांतील मराठी माध्यमाची माध्यमिक विद्यालये मात्र प्रामुख्याने सर्वसाधारण शासकीय योजनेवरच अवलंबून असतात. त्यांच्या वर्गांत गावातील व परिसरातील खेड्यांतील मुले एकत्र बसतात. त्यामुळे योजनेचे यशापयश पडताळून पाहण्याची खरी जागा तीच होय.

केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रविद्या (आयसीटी) योजना सुरू केली व २०१० मध्ये तिची सुधारणा केली. २०१८ मध्ये ती समग्र शिक्षा अभियानात समाविष्ट झाली. महाराष्ट्रात ती मुख्यतः ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा व हस्तांतरित करा’ या पद्धतीने राबविण्यात आली. खाजगी कंपनीने शाळेत संगणककक्ष उभारावा, निदेशक नेमावा व ठराविक मुदतीनंतर कक्ष शाळेच्या स्वाधीन करावा, असे तिचे स्वरूप होते. संगणक शाळेत आले, परंतु ते शिकविणारा निदेशक शाळेचा झाला नाही. त्याचे वेतन अल्प व नेमणूक कराराची असल्याने मुदत संपताच तो निघून जाई. कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि यंत्रांची देखभाल कोणाकडेच नाही, अशी अवस्था अनेक ठिकाणी उद्‌भवली. राज्यात ज्या काळात भारनियमन तीव्र होते, त्या काळात ग्रामीण शाळेच्या तासिका व विजेच्या वेळा यांचा मेळ बसणेही कठीण होते.

यंत्रांच्या संख्येचा हिशोबही बोलका आहे. योजनेनुसार शाळेस मिळणारे १० संगणक आणि ५० विद्यार्थ्यांची तुकडी घेतली, तर एका यंत्रामागे ५ विद्यार्थी येतात. आठवड्यातून ३५ मिनिटांची एक तासिका धरल्यास प्रत्येकाच्या वाट्यास आठवड्याला अवघी ७ मिनिटे येतात. केवळ यंत्र हाताळणे हाच विषय मानला, तर उरलेली २८ मिनिटे विद्यार्थ्यास पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते.

याच सुमारास केरळने वेगळा मार्ग अवलंबिला. २००१ मध्ये सुरू झालेल्या तेथील ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्पात बाहेरचे निदेशक नेमण्याऐवजी शाळेतील विद्यमान शिक्षकांनाच प्रशिक्षण देण्यात आले, त्यांच्यातूनच मुख्य प्रशिक्षक तयार करण्यात आले व पुढे मुक्त आज्ञावलींचा सर्वत्र स्वीकार झाला. माध्यमिक स्तरावर हा विषय अनिवार्य करण्यात आला. शिक्षक कायम असल्यामुळे यंत्रे बदलली, तरी अध्यापनाची परंपरा खंडित झाली नाही.

भाषेचा प्रश्न : मराठी माध्यमातील विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडसर होता. इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक निश्चित केला. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली (इस्की) मान्य झाली व त्याच वर्षी युनिकोड या जागतिक प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा अंतर्भाव झाला. तथापि व्यवहारात दीर्घकाळ खाजगी कंपन्यांचे परस्परांशी न जुळणारे टंक प्रचलित होते. एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. परिणामी शाळेत संगणक म्हणजे इंग्रजी, हे समीकरण रूढ झाले.

संकल्पना समजावून देताना ही अडचण अधिक जाणवते. ‘जर… तर… नाहीतर’ ही तर्करचना मराठी मुलाच्या नित्य बोलण्यातील आहे. परंतु ती प्रथमच परकीय शब्दांत व परकीय लिपीत समोर आली की, ती नवीनच वस्तू आहे असे त्यास वाटते. आज्ञावलीतील शब्द पाठ केले जातात व त्यांमागील ओळखीचा तर्क झाकला जातो. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील (आयआयटी) कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात मुक्त आज्ञावलींचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले, हा या दिशेने झालेला उल्लेखनीय प्रयत्न होय. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स तंत्रविद्या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्क्रॅच या भाषेत आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत, तर चित्ररूप ठोकळे जोडावे लागतात व त्यांवरील शब्द अनेक भाषांत बदलता येतात.

संगणकशास्त्राकडे वळण : संगणकसाक्षरतेहून संगणकशास्त्र वेगळे आहे, ही जाणीव एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वत्र बळावली. जनेट विंग यांनी २००६ मध्ये ‘संगणकीय विचार’ ही संकल्पना नव्याने मांडली व वाचन, लेखन, गणन यांच्या जोडीस ती प्रत्येक मुलाच्या शिक्षणात असावी, असे प्रतिपादन केले. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीच्या २०१२ च्या अहवालाने प्रचलित विषयाचे उथळ स्वरूप दाखवून दिले आणि सप्टेंबर २०१४ पासून तेथे त्याच्या जागी ‘संगणन’ हा विषय सुरू झाला.

महाराष्ट्रात या विचाराचा पाठपुरावा मुंबई व पुणे येथील अध्यापक-संशोधकांनी केला. आयआयटी, मुंबई येथील श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी यांनी २००७ च्या सुमारास पहिलीपासूनच्या इयत्तांसाठी आदर्श संगणकशास्त्र अभ्यासक्रम तयार करण्यास प्रारंभ केला. त्यावर आधारित ‘कंप्यूटर मस्ती’ ही पुस्तकमाला मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली. विशिष्ट कंपनीच्या आज्ञावलीऐवजी पायरीपायरीने विचार करणे, माहितीचे वर्गीकरण करणे व आपल्या उत्तराची तपासणी करणे यांवर तिचा भर आहे.

असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या जागतिक संघटनेची भारतीय शाखा उभारण्यात पुण्याचे उद्योजक आनंद देशपांडे यांनी पुढाकार घेतला. या शाखेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. पुण्यातील टीसीएस संशोधन विभागाचे विपुल शहा हे त्याच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक होत. या उपक्रमाने प्राथमिक व उच्च प्राथमिक वर्गांसाठी अभ्यासक्रम, पाठयोजना व शिक्षक-प्रशिक्षण यांची आखणी केली, मराठीसह भारतीय भाषांत साहित्य सिद्ध केले आणि लिथ्वेनियात २००४ मध्ये सुरू झालेली ‘बेब्रास’ ही संगणकीय विचाराची स्पर्धा भारतीय शाळांत आणली. त्यातील पुष्कळ पाठ यंत्राविना घेण्याजोगे आहेत. न्यूझीलंडमधील टिम बेल यांनी रूढ केलेल्या ‘यंत्राविना संगणकशास्त्र’ या पद्धतीशी त्यांचे साधर्म्य आहे.

या पद्धतीचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शाळेच्या नोंदवहीत १,००० नावे वर्णानुक्रमे लिहिली आहेत, असे समजू. पहिल्यापासून एकेक नाव तपासत गेल्यास इष्ट नाव सापडेपर्यंत कदाचित १,००० वेळा तुलना करावी लागेल. परंतु मधले नाव पाहून ‘आधी की नंतर’ एवढेच ठरविले व निम्मी यादी प्रत्येक वेळी बाजूस सारली, तर जास्तीत जास्त १० तुलनांत नाव सापडते. यादी दुप्पट केली, तरी केवळ एक तुलना वाढते. मात्र नावे आधी क्रमाने लावलेली नसतील, तर ही युक्ती लागू पडत नाही. म्हणजे माहिती कशी रचावी आणि ती कशी शोधावी, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत, हे संगणकशास्त्राचे एक मूलतत्त्व सहावीतील मूल वही व पेन्सिल यांच्या साहाय्याने समजू शकते. वर नमूद केलेल्या ३५ मिनिटांच्या तासिकेतील २८ मिनिटांचा सदुपयोग कसा करावा, याचे हे उत्तर होय.

सातारा जिल्ह्यातील शिक्षकांना ही दृष्टी अपरिचित नाही. जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग झाला. खडे, काड्या, फरशीवरील आकृत्या अशा साध्या साधनांनी मुलांनी संख्या व भाषा यांची रचना स्वतः शोधावी, हे त्याचे सूत्र होते. राज्यभरातील शिक्षकांनी तेथील वर्गांना भेटी दिल्या आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात तो विशेष चर्चेत आला. हा प्रयोग संगणकाचा नव्हता. परंतु ज्या शिक्षकास असे अध्यापन साधले, त्यास संगणकशास्त्राचे प्राथमिक पाठ देणे अवघड नाही.

साधन म्हणून संगणक : सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत देऊन धडा, कविता वा दृक्‌श्राव्य पाठ भ्रमणध्वनीवर उपलब्ध करण्याची पद्धत वापरली. बालभारतीने पुढे तिचा राज्यव्यापी अंगीकार केला. २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्याच्या १० लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली. ग्रामीण शिक्षकाच्या प्रतिभेचे हे उज्ज्वल उदाहरण आहे. तथापि असे कार्य प्रारंभी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात मोडते. संकेताद्वारे पाठ पाहणे म्हणजे संकेत कसा घडतो हे शिकणे नव्हे. दोहोंची आवश्यकता वेगळी व अध्यापनही वेगळे आहे.

मूल्यमापन : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचारास महत्त्व दिले असून उच्च प्राथमिक स्तरापासून आज्ञावली-लेखनाचा परिचय करून देण्याची शिफारस केली आहे. दुसऱ्या बाजूस, २०२३-२४ च्या एकीकृत जिल्हा शिक्षण माहिती प्रणालीनुसार देशातील ५७·२ टक्के शाळांत संगणकाची व ५३·९ टक्के शाळांत आंतरजालाची सोय होती. धोरण व साधने यांतील हे अंतर केवळ खरेदीने भरून निघेल, असे मागील चार दशकांचा अनुभव सांगत नाही. बीबीसी मायक्रोपासून आयसीटी कक्षांपर्यंत प्रत्येक पिढीतील यंत्रे कालबाह्य झाली. जेथे शिक्षक टिकला, तेथे विषय टिकला. जेथे तो गेला, तेथे कुलूपबंद खोली उरली.

शालेय संगणकशिक्षणाच्या प्रसारासाठी झटणाऱ्या अध्यापकांनी या अनुभवातून तीन निष्कर्ष पुढे आणले आहेत : विषय यंत्रापासून वेगळा ओळखावा, त्याचा प्रारंभ प्राथमिक इयत्तांत व मातृभाषेतून व्हावा, आणि त्याचे अध्यापन शाळेतील कायम शिक्षकाकडे असावे. यांपैकी पहिल्या दोहोंसाठी आवश्यक ते साहित्य आता बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. तिसऱ्यासाठी अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्रास स्थान व शाळेच्या मंजूर पदांत या विषयाच्या शिक्षकाचा समावेश, ही शासकीय निर्णयाची बाब आहे. तो होईपर्यंत शहरातील सशुल्क वर्गात मूल आज्ञावली रचण्यास शिकेल आणि मराठी माध्यमाच्या विद्यालयातील त्याचे समवयस्क मूल दुसऱ्याने रचलेल्या आज्ञावलीचा केवळ वापर करण्यास शिकेल. शाळा रयतेच्या दारी नेऊन जी विषमता कमी करण्याचा प्रयत्न कर्मवीरांच्या पिढीने केला, तिचेच हे नवे रूप होय.